पृथ्वी सूर्यात पडत का नाही? पडतेच आहे की!

आधी प्रश्न काय होता ते सांगतो. एका गृहस्थांची लेक सातवीत आहे, तिच्या गाइडमध्ये असं छापलंय की सूर्याचं गुरुत्वाकर्षण आणि ग्रहाचं जडत्व यांचा समतोल साधला जातो म्हणून ग्रह आपापल्या कक्षेत फिरत राहतात. ते वाचून पोरीनं विचारलं, बाबा, समतोल म्हणजे तराजूसारखंच ना, मग एखादा मोठा धोंडा येऊन आदळला आणि समतोल बिघडला तर पृथ्वी सूर्यात जाऊन पडेल का? बाबांना उत्तर देता येईना, मग ते मला म्हणाले, सर जरा सविस्तर सांगा. सविस्तर म्हणालात, आता वाचा.

पोरीचा प्रश्न एकदम नेमका आहे. गाइडमधलं वाक्य अगदीच चूक म्हणवत नाही, पण तो "समतोल" शब्द तिथं नुसता गोंधळ घालतो. मी अकरावी-बारावीला तीस वर्षं फिजिक्स शिकवलं, आता रिटायर झालोय, आणि या एका शब्दानं जेवढी पोरं घोळात पडलेली बघितली तेवढी अख्ख्या इलेक्ट्रिसिटीच्या चॅप्टरनं पडली नसतील. तर तो शब्द तूर्त बाजूला ठेवू, शेवटी लागलाच तर बघू.

आधी जडत्व. याची व्याख्या सगळ्यांना पाठ असते आणि विश्वास कुणाचाच नसतो. विश्वास बसायला एक खेळ करा. प्लास्टिकची रुंद बांगडी घ्या, तिचा साधारण पाव भाग कापून टाका, उरलेली बांगडी गुळगुळीत टाइलवर आडवी ठेवून बोटांनी घट्ट दाबून धरा आणि सायकलच्या बेअरिंगमधला छर्रा आतल्या कडेनं जोरात सोडा. छर्रा कडेला घासत गोल जाणार आणि जिथं बांगडी कापलीय तिथून बाहेर पडणार. बाहेर पडल्यावर कुठं जाईल? मी दरवर्षी छर्रा सोडायच्या आधी वहीत बाण काढायला लावायचो. वर्गातली बरीच पोरं बाण वाकडा काढायची, म्हणजे छर्रा बाहेर आल्यावरही थोडा वेळ गोलच जाईल, त्याला सवय झालीय ना फिरायची! काही जण केंद्रापासून थेट बाहेर जाणारा बाण काढायचे, कारण त्यांच्या डोक्यात "बाहेर फेकणारं बल" बसलेलं असायचं. मग छर्रा सोडायचा. तो पट्टीनं आखल्यासारखा सरळ जातो, कापलेल्या जागी त्याचं तोंड ज्या दिशेला होतं त्याच दिशेला. दोन-तीनदा करून दाखवलं तरी मागच्या बाकावरून एक आवाज यायचाच, सर टाइलला उतार असेल. मग टाइल फिरवायची आणि परत करायचं.

ज्यांनी ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकललीत त्यांना हे शिकवावंच लागत नाही. गोफण डोक्यावर गरगर फिरवताना धोंडा फिरतोय गोल, पण दोरीचं एक टोक सोडलं की तो त्या क्षणी ज्या दिशेला चालला होता तिकडंच सरळ सुटतो, म्हणून तर टोक कधी सोडायचं यातच सगळी कला. अर्धी गिरकी उशिरा सोडलं तर धोंडा पाखराऐवजी शेजारच्याच्या बैलाला.

तर मुद्दा एवढाच की चाललेल्या वस्तूला चालत ठेवायला कुणी लागत नाही, ती आपली सरळ रेषेत त्याच वेगानं जात राहते. कुणीतरी लागतं ते वळवायला. बांगडीत कड वळवते, गोफणीत दोरी वळवते, ग्रहाच्या बाबतीत सूर्याचं गुरुत्वाकर्षण वळवतं. ही साधी वाटणारी गोष्ट माणसाला कळायला दोन हजार वर्षं लागली, कारण आपल्या रोजच्या जगात घर्षण असतं, ढकलायचं थांबवलं की हातगाडी थांबते, मग माणसाला वाटणारच की ग्रहालाही कुणीतरी ढकलत असणार. आपल्याकडच्या सिद्धांतग्रंथांत, म्हणजे खगोलगणिताच्या जुन्या ग्रंथांत, हे काम प्रवह नावाच्या वाऱ्याकडे दिलेलं होतं, तो वारा सगळं तारांगण फिरवतो. आणि केप्लर, ज्यानं १६०९ साली मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार आहे हे टायको ब्राहे या खगोलशास्त्रज्ञाच्या आकाशनिरीक्षणाच्या नोंदी वर्षानुवर्षं घासून घासून सिद्ध केलं, तो एवढा मोठा माणूस, त्यालाही वाटायचं की सूर्य स्वतःभोवती फिरताना आपल्या शक्तीनं ग्रहांना पुढे रेटत नेतो. कक्षा बरोबर, कारण चूक. मग गॅलिलिओ, देकार्त यांनी जडत्वाची कल्पना पुढे आणली आणि १६८७ मध्ये न्यूटननं सगळं एकत्र बांधलं. प्रश्नच बदलून गेला, ग्रहाला कोण ढकलतं हे विचारायचं सोडून लोक विचारायला लागले की ग्रहाला कोण वळवतं.

इथं कुणीतरी भास्कराचार्यांचं नाव काढणारच, व्हॉट्सॲपवर दर चार महिन्यांनी फिरतं ते. ११५० च्या आसपासच्या सिद्धांतशिरोमणीत पृथ्वीला आकर्षणशक्ती आहे, ती जड वस्तूंना आपल्याकडे ओढते, असं स्पष्ट म्हटलंय, हे खरं आहे आणि अभिमान वाटावा असंच आहे. चाळीसगावजवळ पाटणदेवीला गेलात तर तिथल्या देवळात त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा शिलालेखही आहे. पण पृथ्वी वस्तूंना ओढते इथपासून, तीच ओढ चंद्रापर्यंत पोचते आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते आणि तिच्यामुळेच चंद्र फिरतो, इथपर्यंत मधे मोठी वाट आहे, ती न्यूटननं चालून दाखवली. दोघांनाही आपापलं द्यावं, भांडण कशाला.

आता गुरुत्वाकर्षणाकडे. लोकांचा प्रश्न नेहमी असा असतो की सूर्य एवढा ओढतोय तर पृथ्वी पडत का नाही. उत्तर असं की पडतेय. आत्ता तुम्ही हे वाचताय तेव्हाही पडतेय. मी गंमत करत नाहीये, आकडे बघा.

पृथ्वी सूर्यापासून सरासरी १४ कोटी ९६ लाख किलोमीटरवर आहे आणि सेकंदाला साधारण २९.८ किलोमीटर वेगानं चाललीय. म्हणजे एका सेकंदात पुण्याच्या स्वारगेटवरून निघून खेड शिवापूरच्या पुढं! त्या एका सेकंदात सूर्याच्या ओढीनं ती सरळ रेषेपासून सूर्याकडे किती सरकते, माहितीय? ३ मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याच्या निम्मं धरा फार तर. पुढे ३० किलोमीटर, आत ३ मिलिमीटर. पुढच्या सेकंदाला परत तेच, फक्त आता "सरळ" ची दिशा एक केसभर बदललेली आहे, म्हणून आत म्हणजे कुठं तेही एक केसभर बदललेलं आहे. तासाभरात पृथ्वी १ लाख ७ हजार किलोमीटर पुढे जाते आणि सरळ रेषेपासून ३८ किलोमीटर आत येते. एका दिवसात २५ लाख ७० हजार किलोमीटर पुढे आणि २२ हजार किलोमीटर आत, म्हणजे पृथ्वीच्या स्वतःच्या व्यासाच्या पावणेदोन पट. पडणं चालूच आहे, फक्त ती पडतेय तेवढ्या वेळात बाजूला इतकी निघून जाते की सूर्य तिच्या हाती लागतच नाही. हेच ३ मिलिमीटर रोजच्या रोज, सेकंदासेकंदाला जमत जाऊन वर्षानं एक वळसा पूर्ण होतो.

न्यूटननं हेच तोफेच्या उदाहरणानं समजावलं होतं. खूप उंच डोंगरावरून तोफगोळा आडवा मारला तर तो काही अंतरावर पडेल, जास्त जोरात मारला तर जास्त लांब. पृथ्वी गोल आहे, ७.९ किलोमीटर पुढे गेलं की जमीन आपल्या सरळ रेषेपासून ४.९ मीटर खाली वाकलेली असते. आणि कुठलीही वस्तू सोडली की पहिल्या सेकंदात ४.९ मीटरच पडते. म्हणजे गोळा सेकंदाला ७.९ किलोमीटर वेगानं मारला (हवा नाही असं धरून) तर तो जेवढा पडेल तेवढीच जमीन खाली जाईल, आणि तो पडत पडत पृथ्वीला फेरी मारून तोफेच्या मागच्या बाजूनं येऊन तोफवाल्याच्या पाठीत बसेल.

स्पेस स्टेशनचंही हेच. तिथले अंतराळवीर तरंगतात कारण तिथं गुरुत्वाकर्षण नाही, हे वाक्य मी किती उत्तरपत्रिकांत खोडलं असेल याला हिशेब नाही. स्टेशन ४०० किलोमीटर उंचीवर आहे, म्हणजे साधारण मुंबई ते कोल्हापूर रस्त्यानं जेवढं आहे तेवढंच वर, आणि तिथं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के आहे. तरंगतात कारण स्टेशनही पडतंय, तेही पडतायत, सगळे एकाच वेगानं पडतायत. विहिरीत उडी मारताना पोटात गोळा येतो ना, तेवढाच, फक्त विहिरीला तळ नाही.

आता त्या "समतोल" शब्दाकडे येतो, कारण खरी अडचण तिथंच आहे. समतोल म्हटलं की डोक्यात येतात दोन विरुद्ध बलं, एक आत ओढतंय, एक बाहेर, दोन्ही सारखी म्हणून वस्तू मधे. पण जडत्व हे बल नाहीच. बाहेर ओढणारं कुणी नाही. ताम्हिणी घाटात एसटी डावीकडे वळली की तुम्ही उजवीकडच्या माणसाच्या अंगावर जाता, तेव्हा तुम्हाला कुणी ढकललेलं नसतं, तुम्ही सरळच चालला होतात, खालून बस वळली. बाहेरून रस्त्यावर उभं राहून बघणाऱ्याला ते स्वच्छ दिसतं, आत बसलेल्याला मात्र वाटतं की कुणीतरी बाहेर फेकलं. हे जे आत बसलेल्याला वाटतं त्याला अपकेंद्री बल म्हणतात, बसमध्ये बसून गणित करायचं असेल तर ते धरायला हरकत नाही, इंजिनिअर लोक धरतात आणि उत्तरं बरोबर येतात. पण ग्रह का फिरतो हे समजून घ्यायचं असेल तर रस्त्यावर उभं राहा. तिथून एकच बल दिसतं, सूर्याकडे ओढणारं. आणि दोन बलं खरंच सारखी असती तर एकमेकांना कापून शून्य झाली असती आणि मग पृथ्वी सरळच गेली असती ना! वळली का असती? हा एक प्रश्न वर्गात विचारला की एकदम शांतता व्हायची.

दुसरं म्हणजे, समतोल म्हटलं की वाटतं सगळं काट्यावर तोललेलं आहे, वेग एक टक्का इकडे तिकडे झाला की खेळ खलास. पोरीला नेमकं हेच वाटलं. तर समजा, पृथ्वीचा वेग एका झटक्यात १० टक्क्यांनी कमी झाला. काय होईल? पृथ्वी आधीपेक्षा जास्त आत पडायला लागेल. पण पडता पडता तिचा वेग वाढेल, जसा उतारावर सायकलचा वाढतो. ती शुक्राच्या कक्षेच्याही आत जाईल, सूर्यापासून १० कोटी २० लाख किलोमीटरपर्यंत, आणि तिथं पोचेपर्यंत तिचा वेग सेकंदाला ३९ किलोमीटर झालेला असेल, एवढ्या वेगाला तिथली ओढ धरून ठेवायला पुरी पडत नाही, म्हणून ती परत बाहेर निघेल, चढ चढताना वेग कमी होत होत, आणि बरोबर जिथून सुरुवात केली तिथं येईल. वर्ष ३६५ दिवसांऐवजी साधारण २८१ दिवसांचं होईल. आपण उन्हानं भाजून मरू ते वेगळं, पण सूर्यात पडणार नाही. उलट वेग १० टक्क्यांनी वाढला तर ती लांब जाईल, मंगळाच्या कक्षेपर्यंत, आणि परत येईल, वर्ष ५२० दिवसांचं. वेग ४१ टक्क्यांनी वाढला, म्हणजे सेकंदाला ४२ किलोमीटर झाला, तरच ती सूर्याला कायमचा रामराम करेल. आणि सूर्याला थडकायचं असेल तर वेग इतका कमी व्हायला पाहिजे की सेकंदाला ३ किलोमीटरही उरता कामा नये, म्हणजे ९० टक्के वेग गेला पाहिजे.

म्हणजे बघा, दहा टक्के वेगापासून एकशे एक्केचाळीस टक्क्यांपर्यंत काहीही असलं तरी कुठली ना कुठली कक्षा बनतेच. याला काय काट्यावरचा समतोल म्हणायचं? हे तर खोलगट परातीत फिरणाऱ्या गोटीसारखं आहे, जरा धक्का दिला की वेगळ्या वाटेनं फिरेल, पण फिरत राहील.

सूर्यात पडणं किती अवघड आहे हे नासाच्या पार्कर सोलर प्रोबवाल्यांना विचारा. सूर्याजवळ यान न्यायचं म्हणजे सोडून दिलं की पडेल असं वाटतं, पण यान पृथ्वीवरून सुटतं तेव्हा पृथ्वीचा तो ३० किलोमीटरचा आडवा वेग त्याच्या अंगात असतोच, तो घालवायचा कसा? २०१८ मध्ये सोडलेल्या त्या यानाला शुक्राजवळून सात वेळा नेऊन दर वेळी थोडा थोडा आडवा वेग काढून घ्यावा लागला, तेव्हा कुठं डिसेंबर २०२४ मध्ये ते सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरवर पोचलं. पोचलं आणि परत बाहेर निघालं, पडलं नाहीच.

आपल्या मंगळयानाचं उदाहरण तर घरचंच आहे. ५ नोव्हेंबर २०१३ ला श्रीहरिकोट्याहून सुटलं, महिनाभर पृथ्वीभोवतीच फेऱ्या मारत दर वेळी पृथ्वीजवळ आलं की इंजिन थोडं चालवून कक्षा लांब लांब करत नेली आणि मग मंगळाकडे धाडलं. जवळजवळ दहा महिने इंजिन बंद, ते निव्वळ सूर्याभोवती पडत पडत मंगळापर्यंत गेलं, म्हणजे प्रवासाचा बहुतेक खर्च जडत्व आणि सूर्य यांनीच उचलला. २४ सप्टेंबर २०१४ च्या सकाळी इंजिन चालवलं ते वेग कमी करायला, चोवीसेक मिनिटं. तेवढा वेग कमी झाला नसता तर मंगळानं त्याला थोडं वळवलं असतं आणि यान पुढे निघून गेलं असतं. आणि जी कक्षा मिळाली ती काय गोल होती का? जवळचं टोक मंगळापासून सव्वाचारशे किलोमीटर आणि लांबचं ७७ हजार किलोमीटर, काकडीसारखी लांबडी. काही बिघडलं नाही, यान वर्षानुवर्षं त्याच कक्षेत फिरत राहिलं.

पृथ्वीची कक्षाही गोल नाहीये पण जवळपास गोल आहे. पुस्तकात अंड्यासारखी काढतात ते बघून पोरांना वाटतं उन्हाळ्यात आपण सूर्याच्या जवळ असतो. खरं प्रमाण काढायचं तर एक मीटर व्यासाचं वर्तुळ काढा, लंबवर्तुळ आणि त्या वर्तुळात फरक मिलिमीटरच्या सातव्या भागाएवढा, पेन्सिलच्या रेघेत लपून जाईल. फक्त सूर्य मध्यावर नसतो, ८ मिलिमीटर बाजूला असतो. त्यामुळे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आपण सूर्यापासून १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असतो, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात १५ कोटी २१ लाख. होय, थंडीत जवळ. ऋतू पृथ्वीच्या कलण्यामुळे होतात, त्याचा इथं संबंध नाही. जानेवारीत सूर्याची ओढ जुलैपेक्षा ७ टक्के जास्त असते आणि पृथ्वीचा वेगही जास्त, सेकंदाला ३०.३ किलोमीटर, जुलैत २९.३. वर्षभर आत पडणं आणि बाहेर निघणं हे असं चालूच असतं, ६ महिने थोडी आत, ६ महिने थोडी बाहेर.

आणि हे बघायला दुर्बीण लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. २१ मार्च ते २३ सप्टेंबर दिवस मोजा, १८६ भरतात. २३ सप्टेंबर ते २१ मार्च मोजा, १७९. अर्धा वळसा तोच, पण हिवाळ्याकडचा अर्धा आपण आठवडाभर लवकर संपवतो. आपल्या पंचांगात तर हे अजून ठसठशीत दिसतं. धुंधुरमास, म्हणजे सूर्य धनू राशीत असतो तो काळ, १६ डिसेंबरच्या आसपास सुरू होतो आणि मकरसंक्रांतीला संपतो, २९ दिवसांच्या थोडाच वर. उलट जून-जुलैत मिथुन राशीतून जायला सूर्याला साडेएकतीस दिवस लागतात. अमावस्या ते अमावस्या साधारण साडेएकोणतीस दिवस. आता अधिक महिना कधी येतो, तर चांद्रमहिना एका संक्रांतीनंतर सुरू होऊन पुढच्या संक्रांतीच्या आत संपला, मधे संक्रांतच आली नाही, तर. संक्रांतींमधलं अंतर मोठं असेल तेव्हाच हे जमणार. म्हणून धोंड्याचा महिना बघा कसा येतो, २०१५ ला आषाढ, २०१८ ला ज्येष्ठ, २०२० ला आश्विन, २०२३ ला श्रावण, २०२६ ला परत ज्येष्ठ. पौषात धोंडा आल्याचं कुणी जावयानं सांगितलंय? पृथ्वी जानेवारीत सूर्याकडे थोडी जास्त पडलेली असते आणि म्हणून पळत असते, त्याचा परिणाम अनरशाच्या ताटापर्यंत पोचलेला आहे. हे मी वर्गात सांगितलं की पोरं केप्लरचा दुसरा नियम (ग्रह सूर्याजवळ असताना जोरात पळतो, लांब असताना सावकाश) जन्मात विसरायची नाहीत.

आणखी एक प्रश्न हमखास येतो की ४६० कोटी वर्षं फिरतेय तर दमत कशी नाही, इंधन कोण घालतं. ढकलायलाच कुणी लागत नाही म्हटल्यावर इंधन कशाला. सूर्याची ओढ बाजूनं असते, वाटेच्या जवळजवळ काटकोनात, त्यामुळे ती दिशा बदलते, वेग खात नाही. वेग खाणारं म्हणजे घर्षण, आणि तिथल्या पोकळीत घासायला जवळजवळ काही नाही. घासायला काही असलं की काय होतं ते आमच्या पिढीनं पाहिलंय. १९७९ ला स्कायलॅब हे अमेरिकेचं स्पेस स्टेशन पडणार म्हणून काय घबराट झाली होती! आम्ही शाळेत होतो, घरोघरी तीच चर्चा, आपल्याच कौलांवर येतंय की काय. ते शेवटी ११ जुलैला हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडलं. ते पडलं कारण एवढ्या उंचीवरही विरळ हवा असते, ती फेरीगणिक थोडा थोडा वेग खात राहिली. आत्ताचं स्पेस स्टेशनही असंच हळूहळू खाली सरकतं, म्हणून त्याला अधूनमधून इंजिनानं वर ढकलावं लागतं. पृथ्वीच्या वाटेवर हवा नाही, तेव्हा तो खर्च नाही.

मग हा आडवा वेग मुळात आला कुठून? सूर्य आणि ग्रह ज्या वायू-धुळीच्या ढगातून बनले तो ढगच सावकाश फिरत होता, आकसत गेला तसा जोरात फिरायला लागला, जशी फुगडी घालणारी बाई हात आखडले की गरकन फिरते. त्यातून जो ऐवज बनला त्याच्या अंगात फिरणं आलंच. कुणी प्रत्येक ग्रहाला मोजून मापून वेग दिला असं नाही. ज्या ऐवजात आडवा वेग फारच कमी होता तो सूर्यात गेला, ज्याच्यात फार होता तो बाहेर फेकला गेला, आपण उरलेल्यातले आहोत. उरलेल्यांकडे बघून "काय अचूक समतोल आहे" म्हणणं म्हणजे परीक्षेनंतर नुसत्या पास झालेल्यांना बघून पेपर सोपा होता म्हणण्यासारखं.

आता पोरीचा धोंडा. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी साधारण १० किलोमीटर आकाराचा एक धोंडा खरंच येऊन आदळला, डायनोसॉर गेले, पण पृथ्वीच्या वेगात त्यानं किती फरक पडला असेल? साधा संवेगाचा, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग याचा, हिशेब केला तर सेकंदाला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढासुद्धा नाही. पृथ्वीचा वेग सेकंदाला तीस किलोमीटर, त्यात हे. म्हशीच्या अंगावर माशी बसली म्हणायचं.

पण तिला "समजा मोठा धोंडा आला तर" असंच उत्तर हवं असेल तर ते नुसतं कागदावर नाही, करूनही बघितलंय. २६ सप्टेंबर २०२२ ला नासानं डार्ट नावाचं यान, साधारण पावणेसहाशे किलोचं, सेकंदाला ६ किलोमीटर वेगानं डिमॉर्फस नावाच्या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम समोरून आदळवलं. हा डिमॉर्फस दीडेकशे मीटरचा, डिडिमॉस नावाच्या त्याच्या मोठ्या भावाभोवती ११ तास ५५ मिनिटांत एक फेरी मारायचा. टक्कर झाली, त्याचा वेग किंचित कमी झाला. तो डिडिमॉसवर पडला का? नाही. थोडा आत सरकला आणि आता फेरी साधारण अर्धा तास लवकर पूर्ण करतो, ११ तास २३ मिनिटांच्या आसपास. बस एवढंच. पोरीला हे सांगा, तिचा प्रश्न नासाच्या लोकांनी यान पाठवून तपासला म्हटल्यावर खूश होईल.

बांगडीचा प्रयोग कराल तेव्हा बांगडी काचेची घेऊ नका, कापायला जाल आणि बोट कापून घ्याल. छर्रे मात्र चार-पाच आणून ठेवा, सायकलवाला असेच देतो. सरळ जातात म्हटल्यावर सरळ सोफ्याखालीच जातात.